सोंडुकलीचा बोराएवढा पाव

एक होती चिचुंद्री. अगदी एवढीशी. तुमच्या मुठीत मावेल एवढीशी. नाक मात्र लांबच लांब. म्हणून तिचं नाव सोंडुकली.

सोंडुकलीला डोळ्यांनी फारसं दिसायचं नाही. पण नाकानं सगळं कळायचं. सूं सूं सूं, हा वरणभात. सूं सूं सूं, हा गूळ. सूं सूं सूं, हा कुणाचा तरी मोजा. शी!

सोंडुकली राहायची भामाक्काच्या स्वयंपाकघरात, मोरीजवळच्या बिळात. पिठाच्या डब्यामागची झुरळं ती मटकवायची. त्यामुळे आक्काचं पीठ कसं स्वच्छ राहायचं. आक्का तिला कधी हाकलायची नाही.

दर रविवारी आक्का घरी पाव करायची. मोठ्या परातीत पीठ मळायची. थप थप थप. पीठ फुगायचं. टम्म! मग गोल गोल पाव वळायची आणि चौकोनी ताटात मांडायची. अंगणात होती पत्र्याच्या डब्याची भट्टी. खाली निखारे, झाकणावर निखारे, मधे पाव. असा वास सुटायचा, असा वास सुटायचा, की शेजारची गिरजाकाकी लोण्याची वाटी घेऊनच यायची.

आणि सगळ्यात शेवटी आक्का परात खरवडायची. खर्र खर्र. उरलंसुरलं पीठ गोळा करायची. त्याचा व्हायचा एक पाव. बोराएवढा. तो ताटाच्या कोपऱ्यात बसायचा. तो सोंडुकलीचा. तिच्या हक्काचा.

पण या रविवारी काय झालं?

ताट भरलं गच्च. कोपऱ्यात जागाच उरली नाही. आक्कानं तो इवलासा गोळा एका वाटीत ठेवला. वाटी ठेवली गार फरशीवर. म्हणाली, थांब हं जरा. ताट घेऊन ती अंगणात गेली. पाव भट्टीत घातले. आणि गोळ्याला विसरली. पार विसरली.

सोंडुकली बिळातून बाहेर आली. सूं सूं सूं. वाटीपाशी गेली. पाहते तर काय, गोळा आपला चपटा. फुगलाच नाही. सोंडुकलीनं नाक अंगणाकडे वळवलं. भट्टीतले निखारे विझले तर? मग आज पाव नाहीच.

सोंडुकली म्हणाली, "गोळोबा, गोळोबा, फुगा ना."

गोळा म्हणाला, "मी नाही फुगत जा. मला थंडी वाजते. मनी मांजर शेजारी येऊन बसली, तर फुगेन."

तुरुतुरु, तुरुतुरु, भिंतीच्या कडेकडेनं सोंडुकली निघाली. ओटीवर आली. तिथे उन्हात मनी बसली होती. घुर्र, घुर्र. मनी चिचुंद्रीला खात नाही. तिला तो वासच आवडत नाही. सोंडुकलीला हे ठाऊक होतं. तरी ती जरा लांबच उभी राहिली.

"मनीमावशी, मनीमावशी, आत चल ना.
गोळा फुगेना,
माझा पाव काही होईना."

मनी म्हणाली, "मी नाही येत जा. आत फरशी गार. मला माझं पोतं लागतं. त्यावर कोंबडी बसली आहे. ती उठली, तर येईन."

तिकडे भट्टीवरचा एक निखारा विझला. फुस्स.

तुरुतुरु, तुरुतुरु, भिंतीच्या कडेकडेनं सोंडुकली निघाली. गोठ्याच्या दाराशी आली. तिथे पोत्यावर कोंबडी बसली होती. कुक् कुक्. पंखाखाली पिलं. चिव चिव चिव.

"कोंबडीबाई, कोंबडीबाई, पोत्यावरून ऊठ ना.
मनी येईना,
गोळा फुगेना,
माझा पाव काही होईना."

कोंबडी म्हणाली, "मी नाही उठत जा. माझी पिलं भुकेली. काकीनं दाणे टाकले, तर उठेन."

तिकडे आणखी एक निखारा विझला. फुस्स.

तुरुतुरु, तुरुतुरु, कुंपणाच्या कडेकडेनं सोंडुकली निघाली. गिरजाकाकीच्या अंगणात आली. काकी उभी होती, हातात सूप, सुपात गहू. चेहरा मात्र एवढा लांब. सोंडुकलीच्या नाकाएवढा.

"काकी, काकी, दाणे टाक ना.
कोंबडी उठेना,
मनी येईना,
गोळा फुगेना,
माझा पाव काही होईना."

काकी म्हणाली, "टाकू कशी गं? सूप उंच धरते, गहू वरून सोडते. वारा आला की कोंडा उडतो, दाणे खाली पडतात. आज वाराच नाही. वारा आला, तर उफणेन."

तिकडे आणखी एक निखारा विझला. फुस्स.

आता वारा कुठे शोधायचा? सोंडुकलीनं नाक वर केलं. सूं सूं सूं. वारा होता चिंचेच्या झाडावर. फांदीवर आडवा झाला होता. एक पान हलत नव्हतं.

तुरुतुरु, तुरुतुरु, सोंडुकली चिंचेखाली आली.

"वारेदादा, वारेदादा, वाहा ना.
काकी उफणेना,
कोंबडी उठेना,
मनी येईना,
गोळा फुगेना,
माझा पाव काही होईना."

वाऱ्यानं एक डोळा उघडला. म्हणाला, "मी नाही वाहत जा. रिकाम्या हातानं मी कुणाच्या दारात जात नाही. बरं दिसतं का ते? भट्टीनं छानसा वास दिला, तर वाहेन."

असं म्हणून त्यानं डोळा मिटून घेतला. मोठा शिष्टाचाराचा वारा!

तिकडे आणखी एक निखारा विझला. फुस्स.

तुरुतुरु, तुरुतुरु, तुरुतुरु. आता सोंडुकलीचे पाय दुखायला लागले होते. तरी ती पळत पळत भट्टीपाशी आली. भट्टी गरम. सोंडुकली थोडी मागेच थांबली.

"भट्टीबाई, भट्टीबाई, उघड ना.
वारा वाहेना,
काकी उफणेना,
कोंबडी उठेना,
मनी येईना,
गोळा फुगेना,
माझा पाव काही होईना."

भट्टी म्हणाली, "मी कशी उघडू? माझ्या डोक्यावर झाकण. झाकणावर निखारे. आक्का उठली, तर उघडेन."

उठली म्हणजे? आक्का झोपली होती की काय?

हो तर. पहाटेपासून पीठ मळून आक्का दमली होती. भट्टीशेजारी पाटावर बसल्या बसल्या तिला लागली डुलकी. मान एकदा इकडे, एकदा तिकडे. घों, घों, घों.

सोंडुकली गेली आक्काच्या पायाशी. मोठ्ठा श्वास घेतला.

"आक्का, आक्का, ऊठ ना.
भट्टी उघडेना,
वारा वाहेना,
काकी उफणेना,
कोंबडी उठेना,
मनी येईना..."

आणि ती थांबलीच.

सूं. सूं सूं.

भट्टीच्या फटीतून वास येत होता. आधी दुधाचा. मग भाजलेल्या पिठाचा. खमंग, खमंग. आणि त्याच्या मागून, अगदी हळूच, आणखी एक वास. करपल्याचा.

अगं बाई! पाव करपायला लागले होते. आक्काचे पाव. काकीचा पाव. सगळ्या घराचे पाव. आता सोंडुकलीला स्वतःचा पाव आठवेना. गाणंही आठवेना. आक्का किती मळत होती सकाळपासून, एवढंच तिला आठवलं, आणि रडू यायला लागलं.

हाक मारून आक्का उठेना. मग सोंडुकलीनं काय केलं? आपलं लांब, गार, ओलं नाक आक्काच्या अंगठ्याला लावलं.

टुच्!

आक्का ताडकन उठली. "कोण गं ते?"

"आक्का, पाव," सोंडुकली म्हणाली. एवढंच म्हणाली.

आक्कानं चिमटा उचलला. झाकणावरचे निखारे बाजूला केले. झाकण उचललं. खण्ण!

आणि बाहेर आली वाफ. गरम गरम, पांढरी पांढरी. पाव झाले होते सोनेरी. एका पावाची फक्त शेंडी काळी झाली होती. आणखी जरा वेळ गेला असता, तर सगळे कोळसे!

"थोडक्यात वाचले बाई," आक्का म्हणाली. "तुझ्या नाकानं वाचवले. थांब, आधी तुझाच पाव देते."

आक्कानं ताटाचा हा कोपरा पाहिला. तो कोपरा पाहिला. चारही कोपरे पाहिले. बोराएवढा पाव कुठेच नव्हता. मग तिला आठवलं आणि तिनं कपाळाला हात लावला.

"अगं, तो वाटीतच राहिला."

"तो फुगतच नाही," सोंडुकली म्हणाली. आणि तिनं नाक खाली घातलं.

आक्कानं उरलेले निखारे एकत्र केले. फू, फू, फू. निखारे लाल झाले. एकच पाव भाजेल एवढी धग उरली होती. फक्त एकच. तीही थोडाच वेळ.

पण तो वास! तो सुटलाच होता. वर गेला, वर गेला, चिंचेच्या झाडावर गेला. वाऱ्याच्या नाकात शिरला. वारा उठून बसला. म्हणाला, वा! आता जायला हरकत नाही.

मग काय विचारता?

आक्का उठली, भट्टी उघडली.
भट्टी उघडली, वारा वाहिला. सूंऽऽऽ.
वारा वाहिला, काकीनं उफणलं. सळ सळ सळ.
काकीनं उफणलं, दाणे पडले. टप टप टप.
दाणे पडले, कोंबडी उठली. कुक् कुक् कुक्.
कोंबडी उठली, पोतं सुटलं.
पोतं सुटलं, मनी आली.

मनीनं पोतं दातात धरलं. ओढत ओढत आत आणलं. वाटीशेजारी पसरलं. तीनदा गोल फिरली, आणि बसली वाटीला बिलगून. घुर्र, घुर्र, घुर्र.

गोळ्याला ऊब लागली. गोळा हलला. पुक्. गोळा वर आला. पुक् पुक्. आणि मग गोळा फुगला.

टम्म!

आक्कानं तो हलकेच उचलला. त्याला बोटानं दूध लावलं. मोठ्या ताटात एकटाच ठेवला. एवढं मोठं ताट, आणि मधोमध बोराएवढा पाव. राजा बसतो ना, तसा बसला. भट्टीत गेला. झाकण लागलं. खण्ण!

या वेळी आक्का झोपली नाही हं. आणि सोंडुकली भट्टीसमोर बसून राहिली. सूं सूं सूं. आधी दुधाचा वास. मग भाजलेल्या पिठाचा. खमंग, खमंग.

"आता काढ," सोंडुकली म्हणाली.

आक्कानं लगेच काढला.

झाकण बाजूला झालं आणि शेवटचा निखारा विझला. फुस्स. विझेना का, पाव तर झाला होता.

इवलासा. गोल गोल. वरून खुसखुशीत, आतून मऊ मऊ. गिरजाकाकी लोण्याची वाटी घेऊन आलीच होती. तिनं पावावर लोण्याचा ठिपका ठेवला. लोणी वितळलं. सोंडुकलीनं दोन्ही हातांत पाव धरला.

कुर्र. कुर्र. मच् मच् मच्.

काकीनं मोठा पाव खाल्ला. मनीनं लोणी चाटलं. पिलांनी चुरा टिपला. काळ्या शेंडीचा पाव आक्कानं स्वतः घेतला, आणि चहात बुडवून खाल्ला. वारा सगळ्या गावात वास वाटत फिरला. दार दिसलं की आत, दार दिसलं की आत.

सोंडुकलीचं पोट भरलं. मिश्यांना लोणी लागलं होतं. ते तिनं मुद्दामच पुसलं नाही.

आणि आता भामाक्का काय करते, माहीत आहे? रविवारी पाव वळायच्या आधी ती परात खरवडते. खर्र खर्र. तो इवलासा गोळा ताटात सगळ्यात आधी ठेवते. अगदी मधोमध. बाकीचे मोठे मोठे पाव मग त्याच्या शेजारी जागा बघून बसतात.

पाव झाला, गोष्ट झाली. हातावरचं पीठ झटका, आणि या जेवायला.