सगुणाची हाक

“मग सगुणाला कधी पाठवताय माझ्याबरोबर?”

श्रीपतीनं तिसऱ्यांदा विचारलं. नागोजीबाबा मठाच्या ओट्यावर शेंगा सोलत होते.

याच मठात श्रीपती लहानाचा मोठा झाला. पुढं शहरात गेला, मूकबधिरांसाठी संस्था काढली, नाव कमावलं. इकडं फिरकायला मात्र त्याला वीस वर्षं सवड झाली नव्हती.

“बाबा, ती जन्मात एक शब्द बोलली नाही. वर्षभरात बोलती करतो. आमच्याकडं हातवारे चालतच नाहीत, तोंडानंच बोलायला लावतो.”

“असं होय?”

अंगणात सांजेचं भजन सुरू झालं. तीच चाल, तेच टाळ. आणि म्हणणाऱ्यांचे हातही तसेच हलत होते. सगुणाला ऐकू येत नाही म्हणून गावानं कधीकाळी हातांनीही भजन म्हणायला घेतलं, ते अजून मोडलं नव्हतं. विठ्ठलाचं नाव आलं की सगळ्यांचे हात कमरेवर!

एवढ्यात सगुणा कुंभारीण चिखलाचे हात पुसत आली. केस पिकले होते, हसू तेच होतं. श्रीपतीला पाहताच तिनं गळ्याशी चिमूट धरली आणि तोंडाशी नेली. पुन्हा नेली.

“बघा, भुकेली आहे बिचारी!”

त्यानं पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढून तिच्या हातात ठेवला.

भजन थांबलं. अख्खं अंगण खो-खो हसलं. सगुणा तेवढी हसली नाही. पुडा खाली ठेवून तिनं पुन्हा तीच खूण केली. सावकाश…

“भूक नाही रे,” बाबा म्हणाले. “आईनं तुला इथं सोडलं, तेव्हा आठ दिवस सदऱ्याची कॉलर चावत रडत होतास. ही खूण म्हणजे तुझं नाव, हिनंच ठेवलेलं. साऱ्या गावानं तेच उचललं.”

श्रीपतीला एकेक आठवू लागलं. तिनं रडू थांबवायला दिलेला मातीचा बैल. विहिरीच्या दोन काठांवरून हातांनी मारलेल्या गप्पा. किती बोलायचे दोघं!

त्यानं हात उचलले. तिच्या नावाची खूण मात्र आठवेना…

हात तसेच अधांतरी राहिले.

“बाबा,” तो कसाबसा म्हणाला, “हिला नेऊ की नको?”

बाबांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं.

“ती केव्हाची हाक मारतेय. आधी ओ दे.”