सिद्रामाप्पांच्या दोन सावल्या

स्वतः जिंकलेला खटला स्वतःच हरायला निघालेला वकील तुम्ही कधी ऐकलाय का?

संस्थानी अंमल होता तेव्हाची ही हकीकत. दक्षिणेकडच्या एका लहानशा संस्थानात नांगरवाडीचे सिद्रामाप्पा वकिली करत. त्यांची एक रीत होती. आलेल्या माणसाला ओसरीवर बसवायचे आणि म्हणायचे, "आधी समोरच्याची बाजू सांग." ती नीट सांगता आली तरच खटला घ्यायचे. निम्मी भांडणं तिथंच मिटायची.

एकदा गावचे तम्मा पाटील ओढ्याचा खटला घेऊन आले. बंधाऱ्याला बरगे, म्हणजे लाकडी फळ्या, कायमचे घालून सगळं पाणी नांगरवाडीलाच हवं होतं. गाव आपलं, पाटील सख्खे मामा. आप्पांनी तेवढ्या वेळी समोरच्याची बाजू विचारलीच नाही. कोर्टात ते तीन दिवस बोलले. ऐकता ऐकता न्यायाधीशांच्या दौतीतली शाई सुकली, असं म्हणतात. खटला जिंकला. गावानं त्यांना खांद्यावर घेतलं, पुढं प्रजासभेवर निवडून दिलं.

दोन उन्हाळे गेले. एका दुपारी ओढ्याच्या खालच्या अंगाची, कोरेवस्तीची शिवाक्का ओसरीवर आली. आप्पांनी पाण्याचा तांब्या पुढं केला. ती प्यायली नाही, तांब्या तसाच पदराआड धरला.

"नातवंडांना नेते," ती म्हणाली. "परवा सकाळी गाड्या जुंपतोय, आप्पा. वस्ती उठली. तुम्ही तिकडनं बोलल्यावर आमच्याकडनं कोण बोलणार?"

दुसऱ्याच दिवशी प्रजासभा होती. आप्पा सकाळभर नांगरवाडीची बाजू बोलले आणि पाण्याचा घोटही न घेता दुपारभर कोरेवस्तीची. तेव्हा भिंतीवर त्यांच्या दोन सावल्या पडल्या होत्या, असं म्हणतात. सभेनं कायमचे बरगे काढून, दर वर्षी दोन्हीकडं पाणी पुरेल एवढेच घालायचा ठराव केला.

बाहेर पाटील वाट अडवून उभे होते.

"मतं आमची नि तोंड त्यांचं होय रे, सिद्राम?"

"मामा, तुम्ही दुपारचंही ऐकलंत ना?"

"ऐकलं की. बहिरा आहे काय मी? पुन्हा मत मागायला दारात येऊ नकोस."

"नाही येत."

आणि आप्पा खरंच पुन्हा निवडून आले नाहीत. उरलेला जन्म त्यांनी ओसरीवरच वकिली केली. पण अजूनही दर वर्षी बंधाऱ्याचा पहिला बरगा नांगरवाडीचं कुणी घालत नाही. कोरेवस्तीची एक बाई येते, आप्पांचं नाव घेऊन तो घालते, आणि किती बरगे चढवायचे तेही तीच ठरवते.

त्या सभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा धोतर खोचून बंधाऱ्यावर गेले, तेव्हा तम्मा पाटील आधीच कमरेएवढ्या पाण्यात उभे होते. दोघांनी मिळून बरगे उपसले, आणि कोरेवस्तीत जुंपलेल्या गाड्यांचे बैल सोडले गेले.