बकारीचं नाव

बाळांनो, आणि बाळांच्या मागे बसून ऐकणाऱ्या मोठ्यांनो, ही गोष्ट फार फार जुनी. आफ्रिकेत एका रुंद नदीच्या काठी एक राज्य होतं. तिथे पोथ्या नव्हत्या, शिलालेख नव्हते. राजांची नावं एका वाद्यात राहत. अर्धा भोपळा, त्यावर ताणलेलं गाईचं कातडं, वर लांब दांडा आणि एकवीस तारा. त्या वाद्याला म्हणत कोरा. आपल्याकडे कोरा म्हणजे रिकामा. तिथला कोरा मात्र माणसांनी गच्च भरलेला.

फोदे हा राजाचा वादक. दर सुगीला भर दरबारात तो तारा छेडी आणि राजवंश गाई. अमक्याचा मुलगा तमका, तमक्याचा धाकटा भाऊ हा, असं एकाला एक जोडत तो आजच्या राजापर्यंत येई.

एका सुगीआधी राजाने त्याला एकट्याला बोलावून घेतलं.

"यंदा बकारीचं नाव गाळ."

फोदे दचकला. बकारी हा राजाचा थोरला भाऊ. जेमतेम दोन वर्षं गादीवर होता, मग नदीत बुडाला. होडी कुणी उलटवली ते सगळ्यांना ठाऊक होतं. बोलत कुणीच नव्हतं.

"पण महाराज, तुमचं नाव तर त्यांच्याच नावाला जोडलेलं..."

"तुझी बोटं तुला हवी आहेत ना?"

फोदेला बोटं हवी होती. त्याची बायको आजारी पडली तेव्हा बकारीने स्वतः होडी वल्हवत वैद्य आणला होता. ते आठवत असूनही त्याने दरबारात नाव गाळलं. त्या जागी त्याने तार छेडली. ती थरथरली, पण वाजली नाही. मग गाणं पुढे गेलं.

घरी येऊन तो बायकोला म्हणाला, "आज बकारींचं नाव घेतलं नाही मी."

"कोण बकारी?" तिने विचारलं. ती थट्टा करत नव्हती.

त्याने शेजाऱ्यांना विचारलं, कोळ्यांना विचारलं. सगळ्यांनी उलट तेच विचारलं, "कोण बकारी?"

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो नदीवर गेला. काठावर राजाची म्हातारी आई उभी होती. पाण्याकडे बघत ती तोंड उघडी आणि आवाज न करताच मिटी. पुन्हा उघडी, पुन्हा मिटी.

"आईसाहेब, काय करताय?"

"रोज हाक मारायला येते रे मी. आज कुणाला मारायची तेच आठवेना." तिने त्याचा हात धरला. तिची बोटं गार होती. "तुला सगळी नावं येतात. माझं कोण गेलंय, सांग ना."

नाव फोदेच्या जिभेवर होतं.

"मला माहीत नाही, आईसाहेब," तो म्हणाला.

त्यासरशी नदी वाहायची थांबली. वारा नाही, लाट नाही. त्या उभ्या पाण्यात फोदेने वाकून पाहिलं. काठावर ते दोघं होते, पण पाण्यात ती एकटीच दिसत होती.

तो धावत घरी आला. दारात बायको उभी होती.

"कोण पाहिजे आपल्याला?" तिने अदबीने विचारलं.

त्याने स्वतःचं नाव सांगायला तोंड उघडलं, आणि ते त्याला सापडेना.

त्याने कोरा उचलला, तसाच नदीवर गेला आणि म्हातारीच्या पायाशी बसून पहिल्या राजापासून गाऊ लागला. आता तो थांबला नाही. "...त्याचा थोरला मुलगा बकारी. त्याला सख्ख्या भावाने बुडवलं!"

तार खणखणली.

"बकारी!" म्हातारीने हंबरडा फोडला, आणि नदी वाहू लागली. घराघरातून माणसं रडत बाहेर आली. सगळ्यांना सगळं आठवलं होतं.

राजा शिपाई घेऊन धावत आला. "तोडा याची बोटं!"

शिपाई जागचे हलले नाहीत. त्यांचा नाईक पुढे झाला आणि त्याने शांतपणे विचारलं, "आपण कोण?"

फोदेने गाण्यातलं पुढचं, या राजाचं नाव घेऊन पाहिलं. ते आलंच नाही.

राजा आईकडे वळला. "आई, तू तरी सांग यांना!"

म्हातारीने पाण्याकडे पाहिलं.

"मला एकच मुलगा होता," ती म्हणाली. "तो बुडाला."

तात्पर्य: ज्याच्यावर अन्याय झाला त्याचं नाव पुसू नये आणि भीतीने गिळूही नये, तसं करणारा स्वतःच नाहीसा होत जातो.