एका खोळीतल्या दोन गाद्या

“...तर मग ती झोपत का न्हाई, बाबा?”

मौला नदाफने हे तिसऱ्यांदा विचारलं. पहिल्या दोन वेळा दावलबाबा नुसतेच खोकत, दाढी खाजवत राहिले होते.

दावलबाबा म्हणजे मौलाचे उस्ताद. कापूस कसा पिंजायचा, गादीला टाका कुठं घालायचा, सगळं त्यांनीच शिकवलेलं. म्हातारपणी त्यांनी धंदा सोडला आणि टेकडीवरच्या दर्ग्यात फकीर होऊन राहिले. कारागिरीत मौला त्यांच्याही चार पावलं पुढे गेला होता. निदान त्याचं स्वतःचं तरी तसं म्हणणं होतं.

आज तो गादीच टेम्पोत घालून घेऊन आला होता. दर्ग्याच्या ओसरीवर भर दुपारी त्याने ती पसरली.

“एकाच खोळीत दोन गाद्या हायत, बाबा. माझ्या अंगाला काथ्या, तिच्या अंगाला सावरीचा कापूस. मधी दुहेरी टाका. डोक्याशी ही आडवी उशी, घोरणं पलीकडं जात न्हाई. आता ह्ये बघा.”

काठोकाठ भरलेला पाण्याचा ग्लास त्याने गादीच्या एका अंगावर ठेवला आणि दुसऱ्या अंगावर धाडकन पडला. चाळिशी उलटलेला बाप्या, पण लहान पोरासारखा गडबडा लोळला.

पाणी हललंसुद्धा नाही.

“पाच पोरींच्या बापांनी रुखवतासाठी सांगून ठेवलीया,” ग्लास खाली ठेवत तो म्हणाला. त्याला दम लागला होता. हात छातीकडे गेला, तो त्याने पटकन मागे घेतला.

बाबांनी ते पाहिलं.

“ही कधी सुचली तुला?”

“उन्हाळ्यात. छातीत कळ आली, आठ दिवस दवाखान्यात काढले. घरी आलो तर जैबुनची झोप सावध झालेली. मी कूस बदलली की तिला जाग यायची. मला चाचपायची, मग परत झोपायची. म्हटलं, बायकोची झोपमोड नको आपल्यापायी. म्हणून ही केली.”

“आणि आता?”

“आता झोपतच न्हाई.” मौला बाबांच्या जवळ सरकला. “ही गादी घातल्याला अकरा दिवस झाले. उठून बसती, माझ्याकडं बघत ऱ्हाती. काल भाकरी थापताना चुलीवर तोल गेला. मी धरली म्हणून वाचली. इचारलं तर म्हणती, गादी लई चांगली हाय. आन् रडती. बाबा, तिला काय झालं तर मी...”

कारागिरीचा सगळा तोरा उतरला होता.

बाबा कण्हत उठले आणि काथ्याच्या बाजूला आडवे झाले.

“तू तिच्या जागेवर पड. तोंड भिंतीकडं. बोलायचं न्हाई.”

मौला पडला. सावरीचा कापूस मऊ लागला. पलीकडे ऐंशी वर्षांचं माणूस आहे, याचा पत्ताही लागत नव्हता. त्याला स्वतःचंच कौतुक वाटलं.

...

मग वाटलं, बाबांनी कूस तरी बदलली का?

खोकणारा माणूस. दिवसभर खोकणारा. आज खोकत का नाही?

“बाबा?”

...

“बाबा, झोपला काय?”

...

सकाळपासून बाबांनी काही खाल्लं होतं की नाही? या वयात, या उन्हात... मौलाने कान टवकारले. आडव्या उशीपलीकडून काहीच येत नव्हतं. गादी हलत नव्हती. आपणच घातलेला टाका, तो कसा हलू देणार?

त्याला राहवलं नाही. ताडकन उठून त्याने उशी भिरकावली आणि म्हाताऱ्याच्या छातीवर हात ठेवला.

छाती वरखाली होत होती. बाबांचे डोळे टक्क उघडे होते.

“घाबरलो की वो!” मौला ओरडला. “ओ तरी द्यायची!”

“किती वेळ तग धरलास?”

“कुणाला ठाऊक... पाच मिनिटं.”

“ती अकरा दिवस.”

मौला खाली बसला. गादीच्या मधल्या शिवणीवरून बोट फिरवू लागला. इतकी सरळ, इतकी घट्ट शिवण त्याने आयुष्यात घातली नव्हती.

“मग आता काय करू, बाबा?”

बाबांनी खालचा ग्लास उचलला, जैबुनच्या बाजूला अलगद ठेवला आणि मौलाच्याच पिशवीतली कात्री काढून त्याच्या हातात दिली.

“पाणी सांडेपर्यंत उसव.”