शास्त्रीबुवांनी छाटलेली चाल

"शेळवणचं कुरण उद्यापासून आमच्या शिकारीसाठी राखीव!"

राजा जयध्वजाने भर दरबारात हुकूम सोडला आणि शेळवणच्या गवळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"महाराज, मग आमची गुरं चरायची कुठे?" म्हाताऱ्या येसाजी गवळ्याने हात जोडले.

राजाला बुद्धिबळाचा भारी नाद, आणि त्याहून भारी नाद आपल्या पंडितमंडळाची फुशारकी मारण्याचा. तो मिशीतल्या मिशीत हसला. "कुरण हवंय? सोपं आहे! आमच्या पंडितांना बुद्धिबळात हरवा आणि खुशाल घेऊन जा!"

सगळा दरबार खो खो हसला. पाच पंडित मिळून एका बाजूने खेळायचे, वीस-वीस चाली पुढचं बघायचे. त्यांच्यासमोर भले भले डाव अर्धा टाकून उठले होते.

येसाजी मान खाली घालून वळला, तोच मागून त्याच्या लेकीचा, राहीचा आवाज आला. "मी खेळते!"

"अगं गप्प बस!" येसाजी कुजबुजला. "आपण मातीत घरं आखून खडे सरकवणारी माणसं!"

"खड्यांनीही मात देता येतेच की, बाबा!" राही म्हणाली आणि राजाकडे वळली. "पण महाराज, आधी यांचा एक डाव नुसता बघू द्या. गाय घेतानासुद्धा माणूस आधी तिच्याभोवती फिरून बघतो."

"बघ, बघ! हवं तर शेपटीही ओढून बघ!" राजा म्हणाला.

एका सरदाराला बळी देण्यासाठी पटासमोर बसवलं आणि खेळ सुरू झाला. राही येऊन शेजारीच टेकली. पंडितांची खलबतं मोठ्याने चालायची. ऐकून कोण काय करणार, असा त्यांचा तोरा! अनंतभट नावाचे किडकिडीत पंडित शक्य तेवढ्या सगळ्या चाली एकेक करून सांगायचे, आपल्याही आणि समोरच्याच्याही. मुख्य पंडित त्र्यंबकशास्त्री डोळे मिटून ऐकायचे आणि एखादी चाल खुळचट वाटली की हात उडवायचे, "छाट!" जेवढ्या उरतील तेवढ्यांवरच बाकीचे तिघे डोकं चालवायचे.

"शास्त्रीबुवा," राहीने मध्येच विचारलं, "ती आत्ताची चाल न बघताच कशी टाकलीत?"

"मुली, हत्ती फुकट देणारी चाल बघायची कशाला? सगळ्याच बघत बसलो तर वीस चाली पुढे पोहोचणार कधी? मूर्ख चाल आम्हाला वासावरून कळते!"

"हो का!" राही म्हणाली, आणि मग डाव संपेपर्यंत शास्त्रीबुवांच्या उडणाऱ्या हाताकडेच बघत राहिली. सरदार अर्थातच हरला.

आता राहीची पाळी. सुरुवातीलाच तिचं एक प्यादं गेलं. मग उंट गेला. येसाजीने डोळेच मिटून घेतले. राही मात्र आपला घोडा आणि वजीर हळूहळू पुढे सरकवत राहिली. पलीकडच्या कोपऱ्यात तिचा एक हत्ती एकटाच, बिनराखणीचा उभा होता.

शास्त्रीबुवांच्या तोंडाला पाणी सुटलं. "आपला वजीर पाठवून हत्ती मारावा का? सांगा अनंतभट, पुढे काय होईल?"

"ती घोड्याने शह देईल," अनंतभट म्हणाले. "आपला राजा कोपऱ्यात जाईल. मग ती स्वतःचा वजीर आणून आपल्या राजाला अगदी खेटून ठेवेल..."

"आपल्या हत्तीच्या तोंडात? वजीर फुकट? छाट!"

"पण शास्त्रीबुवा, त्यानंतर..."

"छाटलं म्हणजे छाटलं! छाटलेल्याला 'त्यानंतर' नसतं!"

चेहरा फितूर होऊ नये म्हणून राहीने मान वर करून छताची नक्षी न्याहाळायला सुरुवात केली.

पंडितांच्या वजिराने तिकडे लांब जाऊन हत्ती गिळला.

"शह!" राहीचा घोडा उडाला. त्याच्या मागून वजिराचाही शह! पंडितांचा राजा कोपऱ्यात पळाला. राहीने वजीर उचलला आणि त्या राजाला खेटून ठेवला. "पुन्हा शह!"

मागे घोड्याची राखण होती, त्यामुळे राजाला स्वतः वजीर मारता येईना. पंडितांच्या हत्तीनेच तो मारला आणि तिथेच राजाशेजारी ठाण मांडून बसला. आता शेजारी आपलाच हत्ती, पुढ्यात आपलीच प्यादी, हलायला बोटभर जागा नाही!

राहीचा घोडा पुन्हा उडाला. "मात!"

राजा ताडकन उठला. "वीस चाली पुढचं बघणारे तुम्ही, तीन चालींत कसे मेलात?"

"महाराज, ती वजिराची चाल मूर्खपणाची होती!" शास्त्रीबुवा पुटपुटले.

"आणि मात?"

"ती... ती मात्र बरी होती."

अनंतभटांना जोराचा खोकला आला. राजा राहीकडे वळला. "पोरी, तुला हे सुचलं कसं?"

"महाराज, शास्त्रीबुवांना खरंच लांबचं दिसतं. मला नाही दिसत. म्हणून मी एवढंच बघितलं की ते कुठे बघतच नाहीत! वजीर फुकट देणारी चाल दारात आली की ते तोंड फिरवतात. मग मी माझी मात तिच्याच पाठीमागे लपवली."

"आणि एवढा मोठा राजा, त्याला पळताही येऊ नये?"

"पळणार कसा, महाराज? त्याला शत्रूने नाही कोंडलं. आपल्याच मानकऱ्यांनी घेरला होता!"

येसाजीने जीभ चावली. राजाने एकवार डावीकडच्या मानकऱ्यांकडे पाहिलं, एकवार उजवीकडच्या. सगळे अगदी त्याला खेटून उभे! आणि मग तो असा हसला, असा हसला, की फेटा सावरायला सेवकाला धावावं लागलं.

"कुरण तुमचं! पिढ्यान् पिढ्या तुमचं! शिवाय आमच्या गोठ्यातली सगळ्यात दुधाळ गाय राहीला. आणि शास्त्रीबुवा, ती गाय शेळवणपर्यंत तुम्ही सोडून यायची!"

दिवस कलायच्या आत मिरवणूक निघाली. पुढे राही, मागे दोरी धरलेले त्र्यंबकशास्त्री आणि त्यांना ओढत नेणारी गाय!