जहाजाला लावलेला लेप

खाडीच्या तोंडाशी एक जंगल होतं. जंगलाला राजा होता, राजाला जहाज होतं आणि जहाजाला नियम नव्हते.

सोनकी गेल्याचं कळलं त्या दिवशी राज्याला सुट्टी होती. महाराजांचा वाढदिवस होता. मी नेहमीसारखा चोचीत उंबरं घेऊन जहाजाच्या खिडकीपाशी गेलो आणि आतून चोच बाहेर आली नाही. उंबरं खिडकीच्या कडेवर ठेवून मी थांबलो. धक्क्यावर राज्याची दवंडी देणारी टिटवी ओरडून सांगत होती की जहाजावर सगळे मजेत आहेत.

सोनकी माझी बायको. आम्ही धनेश. आमच्यात रीत अशी, की अंडी घालायची वेळ आली की बायको झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचं तोंड आतून लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते. पिल्लं मोठी होईपर्यंत ती आत, नवरा बाहेर. नवऱ्याने फळं आणायची आणि फटीतून द्यायची. सोनकीने जन्मभर प्रत्येक हंगाम असा अंधारात काढला. शेवटचं पिल्लू उडालं तेव्हा ती म्हणाली, आता मला असं काहीतरी बघायचंय ज्याला भिंत नाही. म्हणून ती समुद्र बघायला जहाजावर चढली. मला पाण्याची भीती, मी मागे राहिलो.

पक्ष्याने जहाजातून कशाला जावं, असं काही जण विचारतात. धनेशाला थोडं उडलं की बसायला फांदी लागते, आणि समुद्रात फांदी नसते. शिवाय ज्यांना चार पाय आहेत तेही पालखीत बसतातच.

त्या फेरीला महाराजांचे मेहुणे होते. महाराज मगर, त्यामुळे मेहुणेही मगरच. शिडी चढतानाच ते खोकत होते आणि त्यांच्या छातीतून घरघर ऐकू येत होती. त्यांना कोणी अडवलं नाही. उलट दोन माकडांनी त्यांचं सामान धरलं. जहाज खाडीच्या तोंडापर्यंत पोचायच्या आत निम्मे प्रवासी घरघरू लागले. मग जहाज परत आणून धक्क्याला बांधलं आणि हुकूम निघाला, की आतलं कोणी बाहेर येणार नाही, बाहेरचं कोणी आत जाणार नाही. मेहुण्यांना त्याआधीच होडीतून उतरवलं होतं. त्यांना वाढदिवसाच्या तयारीला जायचं होतं.

सोनकीच्या खिडकीची काच चोचीएवढीच उघडायची. म्हणजे आमचं नेहमीचंच झालं. ती आत, मी बाहेर, मध्ये फट. ती म्हणायची, "अहो, या बाजूने नुसता चिखल दिसतो. समुद्र पलीकडच्या खिडक्यांना आहे." मी म्हणायचो, परत येताना पलीकडे बस.

ती गेल्यावर टिटवीने जाहीर केलं, की सोनकीबाई वयामुळे आणि समुद्राची हवा न मानवल्यामुळे गेल्या. समुद्राची हवा तिला लागलीच नव्हती. पण टिटवीचं काम ओरडण्याचं आहे, ऐकण्याचं नाही.

मग नियम आले. पहिला असा, की जहाजावर चढण्याआधी प्रत्येकाने काटा टोचून घ्यायचा. काट्याला किराईताचा कडू रस लावलेला असे. हे काम साळिंदराकडे दिलं, कारण साहित्य त्याच्या अंगावरच होतं. दुसरा असा, की शिडीच्या पायथ्याशी मुंगूस बसेल आणि प्रत्येकाचं तोंड हुंगेल. घरघरीचा वास त्याला कळत असे. वास आला की तो मान हलवी आणि प्रवासी घरी जाई. मुंगूस साधा होता. समोर कोण आहे हे बघत नसे, डोळे मिटून हुंगत असे. पुढे त्याच्यावर हाच आरोप झाला.

पहिला काटा महाराजांना टोचायचा ठरला. समारंभ झाला. काटा मोडला. दुसरा टोचला, तोही मोडला. साळिंदर घाबरला, पण प्रधान पुढे आले आणि म्हणाले, याचा अर्थ एवढाच की ज्याची कातडी जाड त्याला रोगाचं भय नाही. लगेच तसा नियम झाला. महिनाभरात सगळे मंत्री, त्यांचे भाऊ आणि भाच्यांचे मित्रसुद्धा जाड कातडीचे ठरले. एक बेडूक होता, तोही. कुणाला नवल वाटलं नाही. त्याच्याबद्दल आधीपासून तशी शंका होतीच.

तरी बाकीच्यांना काटा टोचला जात होता आणि मुंगूस हुंगत होता. त्या काळात जहाजावर कोणी मेलं नाही. त्यामुळे जनतेला वाटू लागलं, की नियमांची गरजच नव्हती.

सगळ्यात आधी हे घोरपडबाईंना वाटलं. जहाजाचा ठेका त्यांच्याकडे होता. रस्त्यांचा, पुलांचा आणि पाणवठ्यांचाही त्यांच्याकडेच होता, पण ते सगळं पावसात वाहून गेल्यामुळे जहाजच उरलं होतं. त्या म्हणाल्या, शिडीवर थांबून पाहुण्यांचा मूड जातो. तोंड हुंगणं ही काय पाहुणचाराची रीत झाली?

निवडणूक जवळ आली होती. आमचे प्रधान म्हणजे बगळा. ते एका पायावर उभे असतात. दुसरा पाय कुठल्या बाजूला टेकायचा ते मतमोजणीनंतर ठरतं. सकाळच्या सभेत त्यांनी घोषणा दिली, "टोचा काटा, रोगाला टाटा!" संध्याकाळच्या सभेत दिली, "आमचं तोंड, आमचा श्वास, मुंगसाचा कशाला त्रास!" दोन्ही सभांना टाळ्या वाजवणारी माकडं तीच होती.

संध्याकाळचं भाषण मला आठवतं. प्रधान म्हणाले, "बंधूंनो आणि भगिनींनो, रोग गेलेला आहे. तो गेला कारण आपण घाबरलो नाही. जे घाबरले त्यांच्यामुळेच तो आला होता."

या सगळ्याशी माझा संबंध एवढाच, की माझ्या मुलीने, शेवरीने, पुढच्या फेरीला जायचं ठरवलं. आईने चिखलच पाहिला, मी समुद्र बघून येते, म्हणाली. पलीकडच्या बाजूची खिडकीही तिने मागून घेतली होती. मी तिला सांगून पाहिलं. ती म्हणाली, मी काटा टोचून घेतलाय. मी म्हटलं, तू घेतलास, शेजारचा जाड कातडीचा असला तर? ती म्हणाली, "बाबा, तुम्ही आईलाही अडवलं नाही. मला का अडवता?" म्हणून मी तिच्याऐवजी रोगाला अडवायला निघालो.

नियमांचं पुढे काय करायचं हे ठरवायला समिती नेमली होती. तिचा अध्यक्ष खवल्या. खवल्या मांजराची एक सवय असते, कोणी हात लावला की ते गोळा होतं. आमच्या अध्यक्षांना हात लावायची गरज नसे, प्रश्न पुरे होई. समितीला एक दुखावलेला सभासद हवा होता, म्हणून मला बोलावलं. माझ्या चोचीवर शिंगासारखा उंचवटा आहे, तो चित्रात चांगला दिसतो, असं प्रधानांचं मत पडलं.

मी उभा राहिलो आणि एकच गोष्ट मागितली. बाकी काही करा, पण मुंगसाला शिडीवरून उठवू नका. सगळ्यांना हुंगू द्या, महाराजांच्या मेहुण्यांनासुद्धा. पहिल्या फेरीला कोणी त्यांना हुंगलं असतं तर सोनकी आज ढोलीवर बसून मला बोलत असती.

अध्यक्ष गोळा झाले.

प्रधानांनी विषय बदलला. "धनेशराव, तुमच्यात म्हणे घर लिंपून घेतात. त्याने रोग आत येत नाही ना?"

मी सांगितलं, येत नाही. पण लिंपायला तीन गोष्टी लागतात. आतली आपल्या मर्जीने आत बसलेली असावी लागते. फट ठेवावी लागते. आणि बाहेर कोणीतरी असा लागतो जो रोज येतो. तिसरं चुकलं तर पहिली दोन वाया जातात.

प्रधान मान डोलवत होते. मला वाटलं, ऐकतायत. ते पाण्यातल्या माशाकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी टिटवीने निर्णय सांगितला. काटा ऐच्छिक. हुंगणं बंद. मुंगसाची बदली कोरड्या विहिरीवर. आणि दिवंगत सोनकीबाईंच्या स्मरणार्थ धनेश समाजाच्या थोर परंपरेनुसार सगळं जहाज लिंपण्यात येईल, म्हणजे रोगाला आत यायला वाव राहणार नाही. योजनेचं नाव सोनकी सुरक्षा लेप. फटीबद्दल निर्णयात काही नव्हतं. फट ठेवली तर योजनेत त्रुटी आहे असं दिसलं असतं.

ठेका घोरपडबाईंना मिळाला. खिडक्यांना लेपच लागणार म्हणून त्यांनी काचा आधी काढून नेल्या. लेप मात्र आमच्या बायका करतात तसाच केला, वडाउंबराचा गर आणि विष्ठा कालवून, कारण त्याला माल विकत आणावा लागत नाही. परंपरेप्रमाणे आतूनच लिंपायचं असल्यामुळे सगळे आधी आत गेले. महाराज गेले, प्रधान गेले, खवल्या गेला, मंत्री गेले, माकडं गेली, घोरपडबाई मजुरांवर लक्ष ठेवायला गेल्या. मेहुणे गेले. ते खोकत होते. पलीकडच्या बाजूच्या खिडकीसाठी शेवरीही गेली. शिडीच्या पायथ्याशी मुंगसाची जागा रिकामी होती, तिथे आता स्वागताची कुंडी ठेवली होती.

लेपाची पहिली मूठ महाराजांनी लावली. ती कशाची आहे हे त्यांना कोणी सांगितलं नाही.

उन्हं कलेपर्यंत सगळं लिंपून झालं. शेवटी दार लिंपलं. मग आतल्यांच्या लक्षात आलं की जहाजाचा दोर बाहेरून सोडायचा असतो, आणि दोर सोडायचा हुकूम ज्यांनी द्यायचा आणि ज्यांनी पाळायचा ते सगळे आत आहेत. लेप फोडायला गेले तर लेप वाळलेला. राज्यात आजवर झालेलं हे एकमेव पक्कं काम.

जहाजाला धुराडं होतं. ते वाकडं, लांब आणि आतून जाळी मारलेलं. त्यातून आवाज बाहेर येत होता, आत काही जात नव्हतं. म्हणजे कारभार नेहमीसारखा सुरू राहिला. महाराज आतून बोलत, धुराड्यातून ऐकू येई, धक्क्यावर बसलेली टिटवी ते ओरडून सांगे, की जहाज समुद्रात पोचलं असून सगळे मजेत आहेत. धक्क्यावर उभी असलेली जनता समोरच्या जहाजाकडे बघे आणि काही जण मान डोलवत.

मी पलीकडच्या बाजूला गेलो. शेवरीची खिडकी कुठली ते मला माहीत होतं. लेपावर चोच मारली. आतून चोच वाजली. मी बाहेरून, ती आतून, असं आम्ही फोडत राहिलो. आमच्यात ढोली अशीच फुटते. फट पडल्यावर ती आधी म्हणाली, "बाबा, शेजारच्या खोलीत कोणीतरी घरघरतंय." मी म्हटलं, बोलू नकोस, फोड. काच नव्हती, त्यामुळे फटीची खिडकी झाली आणि ती बाहेर आली. घोरपडबाईंनी काचा चोरल्या नसत्या तर मला दुसऱ्यांदा खिडकीपाशी उंबरं ठेवून थांबावं लागलं असतं. एवढ्यापुरता मी त्यांचा ऋणी आहे.

शेवरी जांभळाच्या झाडावर एकटी राहिली. मी तिला लांबून फळं दिली. घरघर लागली नाही. काटा टोचला होता, हे बरं झालं.

मग आम्ही बाकीच्या प्रवाशांच्या खिडक्या फोडल्या. जे बाहेर आले ते आपापल्या झाडांवर, बिळांत, वेगळे राहिले. त्यांना कोणी सांगावं लागलं नाही. मुंगूस कोरड्या विहिरीवरून आपणहून आला होता, तो हुंगून सांगत होता. त्याला अधिकार नव्हता, पण नाक होतं.

महाराजांच्या आणि मंत्र्यांच्या खिडक्यांना सन्मान म्हणून तिहेरी लेप दिलेला आहे. माझी चोच म्हातारी आहे. रोज थोडा फोडतो. आतापर्यंत महाराजांच्या खिडकीला एक फट पडली आहे, चोचीएवढी. तिच्यातून मी त्यांना उंबरं देतो. मगर उंबर खाते, हे मला आत्ताच कळलं.

उंबर देताना मी रोज एकच विचारतो, की सोनकी कशाने गेली ते एकदा टिटवीकडून जाहीर करवा. महाराज उंबर गिळतात आणि म्हणतात, "त्यावर समिती बसलेली आहे." ते खोटं नाही. समिती त्यांच्या शेजारीच बसलेली आहे.

काल टिटवीने निवडणुकीची तारीख सांगितली. महाराजच उभे आहेत आणि त्यांचं जहाज जगाची सफर करून परत येत आहे. पुढच्या फेरीसाठी कोणताही नियम नाही. शिडी लावलेली आहे, पायथ्याशी कुंडी आहे.

मुंगसाला परत शिडीपाशी बसवायचा हुकूम अजून निघालेला नाही. शेवरीने अजून समुद्र पाहिलेला नाही. आणि सोनकी कशाने गेली, ते अजून कोणी सांगितलेलं नाही.