रिकाम्या माळाची पाहणी

जंगल जिथे संपतं आणि माळ सुरू होतो, तिथल्या गवतात एक चंडोलीण राहत असे. राहत असे खरं, पण नेमकी कुठे, हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि त्यातच तिचं शहाणपण होतं. मुलांनो, चंडोल पक्षी झाडावर घरटं बांधत नाही. गवताच्या ठोंबाआड, एखाद्या नीलगाईच्या खुराने पडलेल्या खळग्यात चार काड्या पसरल्या की झालं त्याचं घर. आता असं उघड्यावरचं घर राखायचं तर एकच उपाय, ते कुणाच्या नजरेला पडू द्यायचं नाही. म्हणून चंडोलीण पोट भरून परतली की घरट्यावर कधीच उतरत नसे. ती पार तिकडे बोरीच्या झुडपापाशी उतरायची. उगाच इकडे तिकडे बघायची, चोच पुसल्यासारखं करायची आणि मग गवतातून मान खाली घालून चालत चालत घरी यायची. तिची आई अशीच यायची, आजीही अशीच. त्या वर्षी तिच्या घरट्यात तीन अंडी होती, मातकट, ठिपक्याठिपक्यांची. जीव की प्राण होती ती तिला.

माळाच्या कडेने पाणवठ्याची वाट जात होती. हरणं, नीलगाई, रानडुकरं, सगळ्यांची ये-जा तिथूनच, आणि सगळ्यांनाच घाई, कारण कुठे रेंगाळलं की बिबळ्याशी गाठ. ही घाई एका कोल्ह्याच्या नजरेत भरली. जंगलात नवीन काही मांडायचं तर गव्याच्या सभेची परवानगी लागत असे. गवा म्हातारा होता, बोलायला संथ होता आणि निकाल द्यायचा तोही रवंथ करता करता. कोल्हा त्याच्यापुढे शेपूट आवरून अदबीने उभा राहिला.

"दादा, आपल्यातले किती जण खाताना गेले ते आठवा," कोल्हा म्हणाला. "मान खाली घातली की संपलं. मी म्हणतो, थांबायचंच कशाला? मी 'धावता फराळ' काढतो. वाटेवरून आत वळायचं, पळसाच्या पानांवर मोहफुलं आणि आवळे मांडलेले असतील, ते पळता पळता तोंडात धरायचे आणि गोल फिरून परत वाटेला लागायचं. पाय म्हणून थांबवायचा नाही."

सभेच्या तोंडाला पाणी सुटलं. एक नीलगाय म्हणाली, "बाई, किती सोय होईल. माझी वासरं घरी वाट बघत असतात, मला तर दोन घास खायला सवड नसते." रानडुकराने तर उद्यापासूनच का नाही, असं विचारलं.

"आणि जागा?" गव्याने विचारलं.

"तो गवताचा माळ आहे ना, वाटेला लागून. रिकामाच पडलाय. कुणाला काही खोदायला नको, खुरांनी आपोआप गोल वाट पडेल."

कोल्हा हे इतक्या साधेपणाने बोलला की खुरांखाली काय येईल, हे विचारायचं कुणाला सुचलंच नाही. कोल्ह्याला यातून काय मिळणार, हेही नाही.

"कुणाची हरकत?" गवा म्हणाला.

हरकतीचा नियम मोठा कडक होता, आणि तो झाला होता माकडांमुळे. ती झाडावर बसल्या बसल्या ज्यात त्यात हरकत घ्यायची, मग ती गोष्ट जंगलाच्या दुसऱ्या टोकाला का असेना. त्याला वैतागून सभेने ठरवलं होतं, की हरकत घ्यायची तर आपल्या जागेवर उभं राहून, 'इथे मी राहतो' असं सांगून घ्यायची. माकडांचा त्रास बंद झाला. पण त्या नियमाने गवतातल्या जीवांची तोंडंही बंद झाली, हे कुणाच्या गावीही नव्हतं. ज्यांचा जीव लपण्यावर, त्यांनी आपलं घर चारचौघांत दाखवायचं कसं?

चंडोलीण सभेच्या अगदी मागे होती. ती पुढे आली. "माझी हरकत आहे," ती म्हणाली.

कोल्हा तिच्याकडे वळला. रागावला मुळीच नाही. "घ्या ना ताई, तुमचा हक्कच आहे," तो गोड आवाजात म्हणाला. "फक्त जागा तेवढी दाखवा." आणि त्याने ओठांवरून जीभ फिरवली.

चंडोलीण पेचात पडली. न दाखवावी तर अंडी खुरांखाली जाणार. दाखवावी तर कोल्ह्याला ताटच वाढून द्यायचं. तिने आजूबाजूला पाहिलं. ससा आकाशाकडे बघत होता, तित्तीर जमीन उकरत होता. दोघंही त्याच गवतात राहतात, हे तिला पक्कं माहीत होतं, कारण रोज चालत घरी जाताना ती त्यांच्या दारावरूनच जायची. पण दोघांनीही तिच्याकडे बघितलं नाही.

"उद्या सकाळी सगळे माळावर जाऊ," गवा म्हणाला. "पाहणी करू. बोलायचं ते तिथे बोल."

दिवस मावळताना चंडोलीण अंड्यांवर बसून होती. नवरा शेजारी येऊन टेकला. "अहो, मी उद्या दाखवणार आहे," ती म्हणाली.

"तुझं डोकं फिरलंय का?" चंडोल म्हणाला. "कोल्ह्याला आपणहून घर दाखवायचं? त्यापेक्षा आपण दुसरीकडे जाऊ. अंड्यांचं काय, पुन्हा घालता येतील."

"अंड्यांसमोर असं बोलू नका." ती थोडी सरकून, पंख पसरून बसली. "आणि दुसरीकडे म्हणजे कुठे? तिथेही आपण लपूनच राहणार. मग तोही माळ सगळ्यांना रिकामाच दिसणार, आणि तिथेही उद्या कुणीतरी काहीतरी मांडणार. मी या घरातून जात नाही. मला भीती वाटते, खूप वाटते. पण जात नाही."

चंडोलाने तिच्याकडे पाहिलं. बायकोचा हा सूर त्याच्या ओळखीचा होता, त्यापुढे त्याचं काही चालत नसे. मग त्याने हळूच विचारलं, "मी काय करू?"

"तुम्ही गा. उंच जाऊन, जमेल तेवढ्या मोठ्याने. मला धीर येईल."

सकाळी सगळी सभा माळावर हजर झाली. कोल्हा तर यजमान असल्यासारखा पुढे पुढे करत होता. त्याने माळाला एक गोल फेरी मारली आणि मधोमध येऊन उभा राहिला. "बघा दादा, या टोकापासून त्या टोकापर्यंत आहे का कुणी? गवतच गवत. आणि ताईंचं म्हणाल, तर त्या उतरतात बोरीपाशी. सगळ्यांनी पाहिलंय. बोर तर माझ्या जागेच्या बाहेर आहे."

"मीही पाहिलंय," रानडुक्कर म्हणाला. "रोज तिथेच उतरते."

नीलगायही हो म्हणाली. त्यात खोटं काहीच नव्हतं. जन्मभर जी खबरदारी घेतली, तीच आज तिच्या विरुद्ध साक्ष देत होती.

"ससोबा, तू इथला दिसतोस," गवा म्हणाला. "तुझं काय म्हणणं?"

"मी? मी आपला सहज आलो होतो," ससा पुटपुटला.

तेवढ्यात वरून गाणं ऐकू आलं. चंडोल ठिपक्याएवढा होईपर्यंत उंच गेला होता आणि घसा फोडून गात होता. चंडोलीण उडाली. वरून तिला बोरीचं झुडूप दिसलं आणि सवयीने पंख तिकडेच वळले. तिने ते मोठ्या कष्टाने आवरले. मग सगळ्या सभेच्या देखत ती सरळ खाली आली, कोल्हा उभा होता तिथेच, त्याच्या पुढच्या पायापासून वीतभर अंतरावर, आणि गवताच्या ठोंबाआड उतरून तिने मान ताठ केली.

"इथे," ती म्हणाली. "इथे मी राहते. ही माझी अंडी आहेत. माझी हरकत आहे."

सगळे वाकून बघू लागले. आतापर्यंत ज्यांना खडे समजत होते ती अंडी होती. कोल्ह्याची नजर त्यांच्यावरून हलेना, त्याच्या नाकपुड्या थरथरल्या. पण गवा दोन पावलांवर होता, म्हणून तो लगेच सावरला. "अरे वा, बरं झालं सांगितलंत. या एका घराला वळसा घालून वाट नेऊ, त्यात काय एवढं? आणि ताई, तुम्ही तर गवतातून चालता. अजून कोण कोण कुठे राहतं, तेही आत्ताच सांगून टाका. सगळ्यांनाच वळसा घालू."

सशाचे कान खाली पडले. तित्तिराने डोळे मिटून घेतले.

"माहीत आहे मला," चंडोलीण म्हणाली. "पण ते मी सांगणार नाही. ज्याचं घर त्याने दाखवायचं. माझं दाखवताना मला काय वाटलं ते माझं मला ठाऊक, ते मी दुसऱ्यावर लादणार नाही."

वर चंडोल गातच होता. मग ससा निघाला. दोनदा तर तो मागे वळायच्या बेतात होता. पण तो गेला आणि एका खोलगट जागेपाशी उभा राहिला. "इथे माझी पिल्लं आहेत," तो म्हणाला. "माझीही हरकत आहे." त्याच्यामागून तित्तीर निघाला. मग एक घोरपड बिळातून अर्धी बाहेर आली आणि तिने आपलं म्हणणं मांडलं. मग एक रानउंदीर, त्याच्यामागे त्याची बायको, मग आणखी एक तित्तीर, मग कधी कुणी पाहिलीही नव्हती अशी एक लावी पक्षीण. इकडून आवाज यायचा, 'इथे मी राहतो', तिकडून यायचा, 'इथे मी राहते'. गव्याने पुढे टाकायला पाय उचलला होता, तो तसाच अधांतरी राहिला. तो टेकवायचा कुठे, हेच त्याला कळेना. शेवटी त्याने तो जिथून उचलला होता तिथेच जपून ठेवला.

"हा माळ रिकामा आहे, असं मीही आजवर समजत होतो," गवा म्हणाला. त्याचं रवंथ थांबलं होतं, आणि असं सहसा कधी होत नसे. "चूक माझी. इथून वाट जाणार नाही, गोल नाही आणि सरळही नाही. पण कोल्होबा, तुझ्या फराळाला कुणाची ना नाही. पलीकडे तो खडक आहे, वाटेला लागूनच. तिथे ना गवत, ना कुणाचं घर. वळायला ऐसपैस जागा. तिथे मांड."

"हो की," नीलगाय म्हणाली. "तिथे तर आणखी सोयीचं."

"खडकावर?" कोल्हा फिस्कारला. "खडकावर मला काय मिळणार?"

बोलून गेला आणि त्याने जीभ चावली. नीलगाय त्याच्याकडे बघत राहिली. "मोहफुलं आम्हाला मिळणार होती," ती सावकाश म्हणाली. "इथे तुला काय मिळणार होतं?"

कोल्ह्याने काही उत्तर द्यायची गरजच नव्हती, कारण त्याचे डोळे अजून अंड्यांवरच होते. खुरांखाली जे चेंगरलं असतं आणि घाबरून जे बाहेर पळालं असतं, तो होता कोल्ह्याचा फराळ. आमच्या पळणाऱ्या पायांनी हा आपलं पोट भरणार होता, हे एकेकाच्या ध्यानात येऊ लागलं. कोल्ह्याला अचानक काहीतरी काम आठवलं आणि तो गेला. खडकावर धावता फराळ काही निघाला नाही, हे वेगळं सांगायला नकोच.

नीलगाय चंडोलिणीपाशी आली, पाय जपून टाकत. "बाई गं, दोन घासांसाठी मी हे करायला निघाले होते," ती म्हणाली.

"तुम्हाला कुठे माहीत होतं?" चंडोलीण म्हणाली. "मी तरी कुठे सांगितलं होतं?"

"आता माहीत झालंय," गवा म्हणाला. "आपण सगळ्यांनी घरं पाहिलीत, आणि कोल्ह्यानेही पाहिलीत. तेव्हा ती राखायचं काम आजपासून आपल्याकडे आलं." असं म्हणून तो कडेची मोकळी जागा नीट बघून खाली बसला आणि त्याने पुन्हा रवंथ सुरू केलं. तो गेला की नीलगाई येऊन बसत, त्या गेल्या की तित्तीर आरोळी द्यायला बसे. इतके दिवस गवतात प्रत्येक जण शेजाऱ्यापासूनही लपून एकटा राहत होता. आता कुणाचीही हाक आली की सारा माळ जागा व्हायचा. कोल्हा दोनदा लांबून डोकावून गेला, मग त्याने तो नाद सोडला.

अंडी फुटली, पिल्लांना पंख आले. चंडोलिणीने त्यांना आधी घरी परतायची जुनी रीत शिकवली. लांब बोरीपाशी उतरायचं, उगाच इकडे तिकडे बघायचं, मग गवतातून चालत यायचं. ती नीट जमल्यावर तिने पिल्लांना आणखी एक उतरणं शिकवलं, तिच्या आईने आणि आजीने तिला न शिकवलेलं. उंच जायचं आणि सगळ्यांच्या देखत सरळ आपल्या घरावर उतरायचं.

"हे कधी करायचं?" पिल्लांनी विचारलं.

"रोज नाही," चंडोलीण म्हणाली. "पण कुणी आपल्या घराला रिकामी जागा म्हणालं, तर त्याच दिवशी."

तात्पर्य : जे गप्प राहतात त्यांची जागा जगाला रिकामीच दिसते, म्हणून घरावर पाय पडू लागला की भीती वाटत असतानाही पुढे येऊन 'इथे मी राहतो' असं सांगावं, कारण एकाने सांगितलं की बाकीच्यांनाही ते सांगायला बळ येतं.